मानमोडीच्या साली शेताचा हिशेब

पिंपळे सौदागर म्हटलं की आज काय डोळ्यांसमोर येतं? वीस-बावीस मजली इमारती, मॉल, हिंजवडीला निघालेल्या कॅबची रांग. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे नाव शेतीच्या अभ्यासकांना वेगळ्याच कारणासाठी माहीत झालं. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यात आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजात काम करणारे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे अशा आपल्या सहकाऱ्यांना घेऊन या गावाचा घरोघर जाऊन हिशेब मांडला होता. कोणाची जमीन किती, तुकडे किती, पिकतं काय, खर्च काय, कर्ज किती. १९१७ साली ते पुस्तक छापून आलं.

त्यातले आकडे आजही वाचताना अंगावर येतात. १७७१ मध्ये या गावात सरासरी खातं ४० एकरांचं होतं. १९१४-१५ मध्ये ते ७ एकरांवर आलं होतं. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. गावातल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ शेतीवर नीट भागत होतं ८ कुटुंबांचं. आणखी २८ कुटुंबं शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन कसंबसं गणित जुळवत होती. उरलेल्या ६७ कुटुंबांचं गणित जुळतच नव्हतं.

लक्षात घ्या, हा काही दुष्काळातला किंवा साथीतला हिशेब नाही. हा नेहमीच्या दिवसांतला हिशेब आहे. पुस्तक छापून वर्षभरच झालं आणि या अशा गावांवर एकाच पावसाळ्यात दोन संकटं येऊन आदळली. एकाचं नाव दुष्काळ. दुसऱ्याला इंग्रजी कागद इन्फ्लुएन्झा म्हणत होते, आपल्याकडे लोक मानमोडी म्हणत.

कोरोनाच्या काळात मानमोडीवर बरंच लिहून आलं. किती माणसं गेली, मुंबईत काय झालं, इस्पितळं कशी अपुरी पडली. पण मला त्या सगळ्यात एक प्रश्न राहून गेल्यासारखा वाटतो. माणसं गेल्यावर शेताचं काय झालं? साथीच्या सालात शेतकऱ्याच्या घरात पैसा कुठून येत होता, कुठे जात होता, आणि साथ ओसरल्यावर कोणाच्या पदरात काय उरलं?

चुकीच्या महिन्यात आलेला ताप

मानमोडीची पहिली लाट १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत आली. ती तशी सौम्य होती. दुसरी लाट सप्टेंबरात उसळली आणि ती जीवघेणी होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. तिथून रेल्वेच्या रुळांवरून ताप आत गेला. कोकण, घाट, नगर, खानदेश, वऱ्हाड. गावात दवाखाना नाही, डॉक्टर नाही, होते तेही युद्धावर गेलेले.

आता हेच महिने शेतकऱ्याच्या पंचांगात लावून बघा. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे बाजरीची काढणी आणि त्याच वेळी शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची पेरणी. हस्ताच्या आसपास वाफसा आला की पेरायला दिवस मोजकेच मिळतात. ओल उडाली की संपलं. वर्षातल्या ज्या चार-सहा आठवड्यांत घरातल्या प्रत्येक हाताची गरज असते, नेमक्या त्याच आठवड्यांत घरंच्या घरं अंथरुणाला खिळली.

त्यात हा ताप इतर तापांसारखा नव्हता. एरवी साथ म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं नेते. मानमोडीने २० ते ४० या वयातली धडधाकट माणसं नेली. आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. शेतीच्या भाषेत याचा अर्थ काय? नांगर धरणारा गेला आणि खुरपणारी, कापणारी, मळणी करणारी, घरातलं दाणागोटा सांभाळणारीही गेली. मागे राहिले ते म्हातारे आणि पोरं.

गावाकडे अडीअडचणीला एक जुनी सोय असते. सावड. आज तू माझ्या शेतावर ये, उद्या मी तुझ्या शेतावर येतो. मोठी नांगरट असेल तर इर्जिक घालायची, दहा घरच्या बैलजोड्या एकाच शेतात उतरवायच्या. पैसा न लागता मनुष्यबळ उभं करण्याची ही पद्धत. एखाद्या घरात माणूस आजारी असेल तर शेजारी धावून येतात, कारण शेजारी धडधाकट असतात. पण साथीत शेजारीही पडलेला असतो. एका घरावरच्या आपत्तीसाठी बनलेली सोय सगळ्या गावावरच्या आपत्तीत चालत नाही. उधारीचं तसंच, धान्य उसनं देण्या-घेण्याचं तसंच.

भाव चढले, पण कोणासाठी?

त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. देशभरात मान्सूनचा पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २५ टक्के कमी झाला. नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या सगळ्यात वाईट पावसाळ्यांपैकी तो एक. आधीच पहिल्या महायुद्धामुळे महागाई भडकलेली होती. रॉकेल, कापड, मीठ सगळंच महाग. त्यात धान्याचे भाव चढत गेले.

इथे शहरातल्या माणसाला वाटतं, भाव चढले म्हणजे शेतकऱ्याचं भलंच झालं असणार. पण पिंपळे सौदागरचा हिशेब पुन्हा आठवा. १०३ पैकी ८ कुटुंबं. ज्याच्या खळ्यावर घरखर्च भागवून विकायला धान्य उरतं, भाववाढ त्याच्या कामाची. ज्याची शेती तीन-चार एकरांची आणि वर्षातले काही महिने जो स्वतःच धान्य विकत घेतो, त्याच्यासाठी भाववाढ म्हणजे खर्च. मजुराच्या घरी तर ती थेट उपासमार. म्हणजे त्याच गावात, त्याच भावाने, एक घर वर गेलं आणि दहा घरं खाली गेली.

बैलांचं गणित आणखी वाईट. दुष्काळात कडबा नसतो. बैल डोळ्यांदेखत उपाशी मरण्यापेक्षा मिळेल त्या किमतीला विकावा लागतो. सगळेच विकतात म्हणून किंमत पडते. पुढच्या वर्षी पाऊस आला की सगळ्यांनाच बैल हवा असतो, म्हणून किंमत चढते. स्वस्तात विकलेली जोडी महागात परत घ्यायची, आणि मधला फरक सावकाराकडून आणायचा. ज्याला तोही मिळत नाही त्याची जमीन पडीक राहते किंवा दुसऱ्याला वाट्याने द्यावी लागते. घरात नांगर धरणारा उरला असेल तर ही अवस्था. तोच गेला असेल तर मग बोलायलाच नको.

गावातून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसांच्या मनीऑर्डरवर कोकणातली आणि घाटावरची किती घरं उभी होती, हे आपल्याला माहीत आहे. शेतीतली तूट शहरातल्या पगाराने भरून काढायची, ही व्यवस्था तेव्हाही होती. साथीने ती दोन्ही टोकांनी तोडली. शहरात मनीऑर्डर पाठवणारा पडला, गावात ती घेणारा पडला.

आण्यांत मोजलेलं दुःख

सरकारने काय केलं? सरकारकडे शेतकऱ्याचं नुकसान मोजायची एक फूटपट्टी होती. आणेवारी. पीक किती आणे आलं ते ठरवायचं आणि त्यावर शेतसाऱ्याला तहकुबी द्यायची की नाही ते ठरवायचं. याच वर्षी, १९१८ च्या मार्च ते जून या काळात, गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात गांधीजींनी सत्याग्रह केला तो याच आणेवारीवरून. पीक चार आण्यांच्या खाली असेल तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब करायचा, चार ते सहा आण्यांच्या मध्ये असेल तर अर्धा, असा नियम होता. शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या खाली आहे, अधिकारी म्हणत होते वर आहे. खेड्यातही तेव्हा पीकबुडीबरोबर प्लेग आणि महागाई होतीच. पण भांडण आण्यांवर होतं, कारण नियमाला भाषा तेवढीच येत होती.

नियम काय मोजत होता ते नीट बघा. तो पीक मोजत होता. माणूस मोजत नव्हता. शेतात आठ आणे पीक उभं आहे आणि ते कापायला घरात कोणी उरलेलं नाही, अशा घरासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. १९१८ मध्ये दुष्काळ आणि साथ एकत्र आले, म्हणून साथीचं नुकसान काही प्रमाणात दुष्काळाच्या नावावर तरी खपलं. नाहीतर कागदावर ते दिसलंही नसतं.

आणि तहकुबी म्हणजे माफी नव्हे. तहकूब झालेला सारा पुढच्या बऱ्या हंगामात मागितला जाई. सरकारी तगाई मिळाली तरी ते कर्जच. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी विहिरीसाठी, बैलांसाठी, बियाण्यासाठी तगाईची सोय झाली होती. १९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतपेढ्याही उभ्या राहू लागल्या होत्या. पण मोठा आधार सावकारच होता. १८७५ मध्ये सुप्याला ज्याच्या वह्या शेतकऱ्यांनी जाळल्या, तोच सावकार. त्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदाही झाला. तरी बैल मेल्यावर, बियाणं संपल्यावर, मयताचा खर्च अंगावर आल्यावर रात्री दार ठोठवायचं ते त्याचंच. साथीचं साल असं पुढच्या चार-पाच सालांच्या डोक्यावर बसतं. ताप पंधरा दिवसांत उतरतो, व्याज नाही.

३.८ टक्के

साथीत हिंदुस्थानात नेमकी किती माणसं गेली यावर अजून वाद आहे. १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत अंदाज आहेत. आजच्या महाराष्ट्राच्या सीमा धरल्या तर १९११ मध्ये इथली लोकसंख्या २ कोटी १४ लाख होती, ती १९२१ मध्ये २ कोटी ८ लाखांवर आली. १९०१ पासूनच्या सगळ्या जनगणनांत लोकसंख्या घटल्याचं हे एकच दशक.

आता गोष्टीला एक विचित्र वळण मिळतं. साडेचार दशकांनंतर, १९६४ मध्ये, थिओडोर शुल्ट्झ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने याच साथीचा एका मोठ्या वादात पुरावा म्हणून वापर केला. तेव्हा अर्थतज्ज्ञांमध्ये एक मत जोरात होतं. हिंदुस्थानासारख्या गरीब देशांच्या शेतीत गरजेपेक्षा फार माणसं आहेत, त्यांतली बरीचशी काढून कारखान्यांत नेली तरी शेतीचं उत्पादन तेवढंच राहील, असं ते मत. थोडक्यात, ही माणसं शेतीला जास्तीची आहेत.

शुल्ट्झ म्हणाले, हे तपासायला इतिहासाने एक प्रयोग करून ठेवला आहे. १९१८-१९ मध्ये शेतीतली सुमारे ८ टक्के माणसं एकदम नाहीशी झाली. माणसं जास्तीची असतील तर पेरा कमी व्हायला नको. त्यांनी दुष्काळाचं साल वगळून १९१६-१७ आणि १९१९-२० यांची तुलना केली. पेरणीखालची जमीन ३.८ टक्के कमी झाली होती. म्हणजे ती माणसं फुकट बसलेली नव्हती, प्रत्येकाच्या हाताला किंमत होती, असा त्यांचा निष्कर्ष.

१९६७ मध्ये अमर्त्य सेन यांनी या परीक्षेवर हरकत घेतली. त्यांच्या युक्तिवादातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कारखान्यासाठी माणूस बाहेर पडतो तेव्हा घरातला एक जातो, बाकीचे थोडं जास्त राबून शेत सांभाळतात. साथ अशी माणसं उचलत नाही. ती एका घरात शिरली की ते घरच्या घर झोपवते. ज्या घरातली माणसं संपली त्यांची जमीन लगेच शेजाऱ्याच्या नांगराखाली येत नाही. वारस कोण, कसणार कोण, वाटा किती, बैल कोणाचे, हे ठरेपर्यंत हंगाम निघून जातो. म्हणजे पेरा घटला म्हणून गावात माणसं कमी पडत होती असं सिद्ध होत नाही. शेजारी हात रिकामे असूनही शेत पडीक राहू शकतं.

दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, शुल्ट्झना १९७९ मध्ये आणि सेन यांना १९९८ मध्ये. त्या वादात कोण बरोबर हे मी ठरवणार नाही. पण वाद वाचताना मी त्या ३.८ या आकड्यापाशी थांबतो. केवढासा आकडा आहे! शंभर एकर पेरणाऱ्या देशाने सव्वाशहाण्णव एकर पेरले, एवढंच. त्यावरून वाटेल की शेती तर सावरली. पण कुठल्याही घराचं शेत ३.८ टक्क्यांनी पडीक राहत नसतं. बहुतेकांचं शेत पूर्ण पेरलं जातं आणि काहींचं अजिबात पेरलं जात नाही. सरासरीत त्या दुसऱ्या घरांचा आवाज बुडून जातो.

आणि ३.४ टक्के

हे सगळं जुनं आहे असं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण २०२० हे साल तुम्ही-आम्ही पाहिलंय.

त्या वर्षी २५ मार्चपासून देश बंद झाला तेव्हा इथल्या शेतीचं चित्र १९१८ च्या नेमकं उलटं होतं. तेव्हा पिकवायला माणसं नव्हती. आता पिकलेलं होतं, न्यायला वाट नव्हती. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा व्हॉट्सॲपवरून फिरली आणि लॉकडाऊन लागण्याआधीच पोल्ट्रीवाले झोपले. नाशिक-सांगलीकडे द्राक्षं वेलीवर होती. मजूर नाहीत, ट्रक नाहीत, बाजार बंद, म्हणून कित्येकांनी मिळेल तशी सोय करून त्यांचा बेदाणा केला. हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद झाली आणि दूध उरायला लागलं. राज्य सरकारने रोज १० लाख लिटर दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करायची योजना आणली. चाळीत साठवलेल्या कांद्याला भाव यायला लागला आणि १४ सप्टेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली.

याच काळातले सरकारी आकडे काय सांगत होते? एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं एकूण उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घसरल्याचं जाहीर झालं. एकटी शेती ३.४ टक्क्यांनी वाढली होती. सगळीकडे मथळे झळकले, शेतीने देशाला तारलं.

ते खोटं नव्हतं. रब्बी चांगली आली होती, धान्य पिकलं होतं, आणि १९१८ सारखा भुकेचा वणवा पेटला नाही यात त्या पिकाचा मोठा वाटा होता. पण हा आकडा स्थिर किमतींवर काढलेला असतो. म्हणजे किती पिकलं याचा तो अंदाज देतो. ते कोणत्या भावाने गेलं, गेलं की बांधावर सडलं, हे त्यात कळत नाही. आणेवारीसारखाच तोही पीक मोजतो.

आणि शेतीने तारलं म्हणजे नेमकं काय केलं? शहरातून चालत, ट्रकला लोंबकळत परत आलेल्या माणसांना तिने घरात घेतलं. देशातल्या कामकऱ्यांमध्ये शेतीवर असलेल्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होतं, ते २०१९-२० मध्ये ४५.६ टक्के झालं. अनेक वर्षं हे प्रमाण उतरत चाललं होतं, ते उलट फिरलं. म्हणजे तेवढ्याच बांधांच्या आत तेवढीच भाकरी, आणि ताटं जास्त. ‘जास्तीची माणसं’ हा शुल्ट्झ आणि सेन यांच्या वादातला शब्द, पण २०२० च्या उन्हाळ्यात कित्येक पोरांना तो स्वतःच्याच घरात ऐकू आला असेल. कोणी तोंडाने म्हणालं नसेल, तरीही.

एक फरक मात्र मान्य करायला हवा. या वेळी मेलेल्या माणसाचा, उशिरा का होईना, एक रकाना तयार झाला. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर कोरोनाने गेलेल्या प्रत्येक माणसामागे कुटुंबाला ५० हजार रुपये द्यायचं ठरलं. महाराष्ट्रात विधवा झालेल्या बायकांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू झालं, त्यात वारस नोंदीसारख्या कामांसाठी मदत करायचं ठरलं. हे थोडं वाटेल, पण महत्त्वाचं आहे. कारण नवऱ्यामागे शेत कसणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढलं नाही तर तिला पीककर्ज नाही, विमा नाही, अनुदान नाही. सेन ज्याबद्दल बोलत होते ते हेच. माणूस गेल्यावर जमीन कसणाऱ्या हातात किती लवकर पोचते, यावर त्या घराचा पुढचा हंगाम ठरतो. दवाखाना, लस, ऑक्सिजन हे साथीचं एक टोक. दुसरं टोक तलाठ्याच्या फेरफार वहीत असतं.

शेवटी एक गोष्ट सुचवतो. तुमचं मूळ गाव असेल, तिथे वाडवडिलांची जमीन असेल किंवा कधीकाळी असेल, तर जुने फेरफार शोधा. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने महसुली कागद स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत, फोनवरही बघता येतात. नसतील तर तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये अर्ज करता येतो. १९१८ ते १९२० या सालांच्या नोंदी काढा. अक्षर मोडी असेल तर वाचून देणारं कोणी शोधा. खातेदार मयत, वारस अज्ञान, पालनकर्ती आई किंवा चुलता, अशा नोंदी त्या दोन-तीन वर्षांत किती आहेत ते मोजा. आणि त्यानंतरच्या पाच-दहा वर्षांत त्याच गट-तुकड्यांपुढे गहाण किंवा खरेदीची नोंद येते का, तेही बघा.

देशाच्या हिशेबात ते साल ३.८ टक्क्यांत मिटलं. तुमच्या घरच्या हिशेबात ते किती एकरांचं होतं, ते तिथे लिहिलेलं असेल.